डाव्या सीटवरून इंग्लंड

शुक्रवार, ३ फेब्रुवारी १९९५

आज सकाळी खांदा कॉलनीच्या मोकळ्या रस्त्यावर डॉ. वसुंधरा गद्रे यांनी क्लच एकदम सोडला, फियाट बेडकासारखी उडी मारून बंद पडली, आणि घाबरायच्या ऐवजी त्या खळखळून हसल्या. माझं आयुष्य बदललं ते त्या क्षणी. त्याआधीचं सगळं, म्हणजे सेकंड इयरला कॉलेज सोडणं, आईची बोलणी खाणं, दयाराम शेठच्या मोटर ट्रेनिंग स्कूलमध्ये दिवसभर डाव्या सीटवर बसून परक्या माणसांच्या चुका सोसणं, हे सगळं या एका उडीसाठीच होतं असं आता वाटतंय.

वही नवीन. रोज लिहायचं. कोणी वाचायचा प्रश्न नाही. आईला वाचता येत नाही, शेठला वेळ नाही.

मॅडमबद्दल माहिती. वय सव्वीस-सत्तावीस असावं. (मी तेवीस. आजकाल कोण बघतं.) राहायला जुन्या पनवेलात, वडाळे तलावाजवळ. एप्रिलच्या मध्यावर इंग्लंडला चालल्या, नोकरीला. तिकडे दोन हॉस्पिटलं सांभाळायची, दोन्हींच्या मध्ये नुसती शेतं आणि मेंढ्या, बस संध्याकाळी बंद. गाडी चालवता आलीच पाहिजे ही अट आहे. लर्निंग लायसन्स आधीच काढलंय. आता इथे पक्कं लायसन्स, त्यावर इंटरनॅशनल परमिट, त्या जोरावर तिकडे एक वर्ष, आणि वर्षाच्या आत तिकडची टेस्ट. तिकडे जाऊन पहिल्यापासून शिकायचं तर एकेका तासाची फी ऐकून इथला माणूस गाडीत न बसताच आडवा होईल. म्हणून इथूनच पक्कं शिकून जायचं.

सगळं कायदेशीर हवं, असं परत परत म्हणाल्या. लायसन्समध्ये काही खोटं निघालं तर तिकडे डॉक्टरकीसुद्धा जाऊ शकते म्हणे. मी म्हणालो, मॅडम, गोरख घरत असताना काळजी नाही.

संकल्प: राग बंद, गुटखा बंद. इंग्रजी सुरू.

शनिवार, ४ फेब्रुवारी

गाडी सारखी बंद पडत होती. मॅडमचा चेहरा उतरला. त्यात मागून इलेक्शनची जीप, भोंगा थेट आमच्या काचेत. मॅडमच्या डोळ्यांत पाणी. मला बघवेना. शिकवायच्या गाडीत मास्तरच्या बाजूलाही क्लच आणि ब्रेक असतोच. मी हळूच पाय ठेवला. गाडी लोण्यातून सुरी जावी तशी निघाली. मॅडम ओरडल्याच, जमलं, जमलं!

तो आनंद बघून सांगावंसं वाटलं नाही. दुसऱ्याच दिवशी कशाला. सोमवारी सांगू.

जीपवाल्याशी भांडण झालं. सुरुवात त्याने केली होती, त्यामुळे ते रागात धरत नाही.

सोमवार, ६ फेब्रुवारी

सांगितलं नाही. मॅडम डबा घेऊन आल्या होत्या, साबुदाण्याचे वडे. खाता खाता असं बोलणं बरं दिसत नाही.

गुरुवार, ९ फेब्रुवारी

शेठ मागच्या सीटवर बसून आले. मॅडम उतरून गेल्यावर मला म्हणाले, गोरख, तुजा पाय काढ. मी म्हणालो, कसला पाय? म्हणाले, मी आंधला नाय. बाकीच्या लोकांना लायसन पायजे, तितं आपला पाय चालतो, टेस्टलापन आपलाच पाय पास होतो. या बाईंना गाडी पायजे. मी म्हणालो, काढतोच आहे, हळूहळू. शेठ म्हणाले, हलूहलू? कालेजपन हलूहलू सोडलंस काय?

कॉलेज मी एका दुपारीच सोडलं होतं, व्हाइस प्रिन्सिपॉलच्या अंगावर डस्टर भिरकावून. लागला नाही. शेठला इतिहास माहीत नाही आणि प्रेम तर नाहीच नाही. शेठच्या लग्नात म्हणे नवरा-नवरीने एकमेकांना पहिल्यांदा पाहिलं ते हळदीला.

सोमवार, १३ फेब्रुवारी

डावा गुडघा ठणकतोय. दिवसभर पाच-सहा जणांचे क्लच दाबायचे आणि त्यात मॅडमचा मनापासून दाबायचा. आज लंगडताना मॅडमनी पाहिलं. गाडी बाजूला घेतली (घेतली मी), पॅन्ट वर करायला सांगून गुडघा दाबून बघितला. मलम लिहून दिलं. म्हणाल्या, नवल आहे, गाडी मी चालवते आणि गुडघा तुमचा दुखतो.

हे वाक्य मी घरी येईपर्यंत मनात घोळवत होतो. गाडी ती चालवते, गुडघा माझा दुखतो. याला अजून काय म्हणतात?

यापुढे वहीत मॅडम लिहिणार नाही. वसुंधरा.

मंगळवार, १४ फेब्रुवारी

मलम लावलं नाही. तिचा हात लागला होता.

सोमवार, २० फेब्रुवारी

आज वसुंधरा खूप थकलेली. रात्रपाळी करून थेट क्लासला. वळणावर तिचे डोळे मिटत होते. तिकडच्या मैत्रिणीचा फोन आला होता म्हणाली. तिकडे टॅक्सी परवडत नाही. जुनी छोटी गाडी घेता येईल, पण नवशिक्याचा इन्शुरन्स गाडीपेक्षा जड. बर्फात गाडी घसरते. आणि पेशंट काही हवामान बघून आजारी पडत नाही.

मी ऐकत होतो आणि पायाने गाडी सांभाळत होतो आणि एकाएकी सगळं लख्ख दिसलं. टॅक्सी महाग. ड्रायव्हर ठेवणं तर तिकडे फक्त राणीला जमत असेल. मग स्वस्तात स्वस्त ड्रायव्हर कोण? नवरा. आणि कायदेशीर.

मीच जाणार. ती पेशंट बघेल, मी बाहेर इंजिन गरम ठेवून बसेन. एवढी साधी गोष्ट इतक्या शिकलेल्या बाईच्या लक्षात आली नाही. लाजत असेल.

तिला अजून बोललो नाही. आधी पासपोर्ट. पासपोर्टला शाळा सोडल्याचा दाखला लागतो. दाखला कॉलेजात आहे. कॉलेज म्हणतं व्हाइस प्रिन्सिपॉलची माफी मागा. पासपोर्टचं पुढच्या आठवड्यात बघू.

बुधवार, २२ फेब्रुवारी

आईला अंदाज दिला. इंग्लंडला जाईन म्हणतो, असं नुसतं बोललो. आई भाकरी थापत होती. म्हणाली, तितं सुकी मासली मिलते काय? मी म्हणालो, नसेल मिळत. म्हणाली, मंग कशाला जातंस? पुढे म्हणाली, चिरनेरची मालू बघितली हाय तुज्यासाठी, बारावी पास हाय, डोकं थंड हाय, तुज्या घरात येक तरी थंड डोकं पायजे. ताट सरकवून उठलो. नंतर भूक लागली तेव्हा मासळी संपली होती.

शुक्रवार, २४ फेब्रुवारी

वसुंधरा म्हणाली तिकडे कोणी हॉर्न वाजवत नाही, वाजवला तर शिवी दिल्यासारखं मानतात. प्रॅक्टिस म्हणून मी आज दिवसभर हॉर्न न वाजवता गाडी चालवायचं ठरवलं. उरण नाक्यावर म्हैस. म्हशीला इंग्लंडचं काय माहीत. ती हललीच नाही. पाच मिनिटं सभ्यपणे थांबलो. मागे रिक्षा साठल्या. एक रिक्षावाला येऊन म्हणाला, काय रे, हॉर्न बायकोला दिलास काय? कॉलर धरली. त्यानेही धरली. शर्टाची दोन बटणं गेली. म्हैस तोपर्यंत आपणहून गेली होती.

गुटखा: एकच पुडी. मारामारीनंतर.

बुधवार, १ मार्च

आज महिन्याचा पहिला दिवस, खरं तेच करायचं. कॉलनीच्या टोकाला पोचल्यावर पाय काढला. पूर्ण काढला. वसुंधराने क्लच सोडला, गाडीने दोन आचके दिले आणि मेली. पुन्हा सुरू, पुन्हा मेली. ती म्हणाली, आज काय झालं, आजवर तर व्यवस्थित होत होतं. तिचा चेहरा पाहिला आणि पाय आपोआप जागेवर गेला. गाडी निघाली. ती म्हणाली, हुश्श.

जोडप्यात असंच असायचं. एकाला जमत नाही ते दुसऱ्याने न बोलता करायचं.

शुक्रवार, १० मार्च

मंगळवारी टेस्ट. आज क्लास संपल्यावर ती गाडीतून उतरलीच नाही. स्टिअरिंगवर हात ठेवून म्हणाली, गोरख, एक खरं सांगा. परीक्षेचं सोडा. मी एकटी गाडी चालवू शकते का? मला तिथे उशिरापर्यंत राहावं लागेल, रस्ता अनोळखी असेल, शेजारी कोणी नसेल.

शेजारी कोणी नसेल. हे म्हणताना तिने माझ्याकडे पाहिलं. याचा अर्थ न कळण्याइतका मी मूर्ख नाही.

म्हणालो, नंबर वन चालवता.

हे खोटं नाही. शेजारी कोणी नसेल तरच ते खोटं, आणि शेजारी मी असणारच आहे.

मंगळवार, १४ मार्च

लिहायची इच्छा नाही. लिहितो.

टेस्टला नवीन इन्स्पेक्टर. आमची गाडी आली, मी नेहमीसारखा डाव्या सीटवर. साहेब म्हणाले, मास्तर खाली उतरा. मी म्हणालो, साहेब, मास्तर बसतो, पद्धत आहे. म्हणाले, आजपासून नाही. आणि स्वतः माझ्या जागी बसले. पाय मागे घेऊन.

मैदानाच्या कडेला उभं राहून बघितलं. पहिली उडी. दुसरी उडी. मग गाडी मागे घसरत जाऊन खुणेच्या ड्रमला टेकली. वसुंधरा खाली उतरली. साहेब तिला शांतपणे म्हणाले, डॉक्टर, क्लचचा अंदाजच नाही तुम्हाला, आठवड्याने या.

तेवढ्यावर सुटलं असतं. पण मला राहवलं नाही. म्हणालो, तुम्ही पाहिलंय काय यांना रस्त्यावर? लेडीज माणसाला असं घाबरवतात काय? अजूनही काही म्हणालो. साहेब म्हणाले, बाईंनी जरूर यावं, तुम्ही मात्र पुन्हा या मैदानात दिसायचं नाही.

येताना ती पळस्पे आल्यावर एवढंच म्हणाली, मी घाबरले असेन. मी म्हणालो, शंभर टक्के, साहेब जमदग्नीच आहे. विमान पंधरा एप्रिलला.

गुरुवार, १६ मार्च

शिमगा. सगळा गाव होळीच्या तयारीत. मी पीसीओतून तिला फोन लावला. म्हणालो, टेन्शन घेऊ नका, माझ्या ओळखीचा एक माणूस आहे, टेस्ट न देता लायसन्स घरपोच. ती म्हणाली, गोरख, मी तुम्हाला पहिल्या दिवशी काय सांगितलं होतं? आणि फोन ठेवला. शिमग्याला सगळेच थोडे तापतात.

शनिवार, १८ मार्च

सकाळी वसुंधरा आली. डोळ्यांखाली काळं. म्हणाली, कर्नाळ्याच्या चढावर चला. मी खूश झालो. कर्नाळ्याला लोक फिरायला जातात.

चढ सुरू होताच तिने गाडी कडेला घेतली. म्हणाली, गोरख, मागे बसा. मी म्हणालो, मागे कशाला, मागून दिसत नाही. म्हणाली, बसा.

बसलो. तिने गिअर टाकला. गाडी मेली. परत. परत. चौथ्यांदा गाडी मागे घसरायला लागली, मागे एक टँकर येऊन थांबलेला, त्याचा हॉर्न कानाचे पडदे फाडत होता. तिने हँडब्रेक ओढला, दोन्ही हात मांडीवर ठेवले, मागे वळून माझ्याकडे पाहिलं. विचारलं, इतके दिवस क्लच कोण दाबत होतं?

टँकरवाला खिडकीतून ओरडत होता, ए ताई, झोपलीस काय? मला वाटलं, हीच वेळ. टँकरवाल्यापेक्षा मोठ्या आवाजात बोलावं लागलं. म्हणालो, मी दाबत होतो. पुढेही मीच दाबीन. तुम्ही कशाला त्रास घेता? मी येतो तुमच्याबरोबर. इंग्लंडला. लग्न करून. तुम्ही पेशंट बघा, मी गाडी बघतो. ड्रायव्हरचा खर्चसुद्धा नाही.

ती हसेल असं वाटलं होतं. निदान चिडेल. तिने हळू आवाजात विचारलं, आणि टेस्टच्या आधी मी तुम्हाला विचारलं तेव्हा? मी म्हणालो, तेव्हापण तेच मनात होतं. ती म्हणाली, तिथे हॉस्पिटलात एखादी बाई बाळंतपणात अडली असती आणि मी अशीच चढावर उभी असते. तुम्हाला ती बाई दिसलीच नाही का हो? मी म्हणालो, मला तुम्ही दिसत होता.

खूप छान वाक्य होतं. तिने दार उघडलं, मागे येऊन बसली आणि म्हणाली, चला, गाडी घरी न्या.

टँकरवाला बाजूने जाताना काहीतरी बोलला. मी उतरलोसुद्धा नाही. राग राहिला नव्हता.

मंगळवार, २१ मार्च

ती शेठकडे आली. माझ्याकडे बघितलं नाही, पण टाळलंही नाही. शेठ म्हणाले, मी सोता शिकवतो. त्यांना सगळं कळलं असावं. मला दुसऱ्या गाडीवर टाकलं, एका रिटायर्ड मामलेदारांवर. मामलेदार म्हणाले, बाळ, मला लायसन्स हवंय, गाडी जावई चालवतो. मी गुडघा चोळला आणि पाय ठेवला.

शुक्रवार, २४ मार्च

शेठ शिकवतात कसे ते बघायला मासळी बाजाराच्या कोपऱ्यावर उभा राहिलो. डाव्या सीटवर शेठ चक्क मांडी घालून बसलेले, जेवायला बसतात तसे. चप्पल खाली. दोन्ही पाय अंगाखाली. वसुंधरा ऐन बाजाराच्या तोंडावर बंद पडली. कोळणी ओरडायला लागल्या. एक म्हणाली, बाय, ढकलू काय? शेठ मांडी न मोडता म्हणाले, डॉक्टर, लोक वरडतात, वरडू द्या, तुमाला काय इंजेक्शन द्यायचं हाय त्यांना? हलू सोडा. ती घामाने निथळत होती. चार वेळा बंद पडली. पाचव्यांदा निघाली.

मी असतो तर पहिल्यांदाच निघाली असती. कोळणींसमोर एवढा अपमान कशाला?

ती माझी परीक्षा बघतेय असंही असू शकेल. मी मागे हटतो की नाही ते.

मंगळवार, २८ मार्च

मागे हटलो नाही. रोज कोपऱ्यावर उभा राहतो. आज तिची गाडी माझ्या अगदी जवळून गेली. तिने मला पाहिलं नाही. ती आरशात बघत होती. आरशात बघायचं मीच शिकवलंय. मला वाटतं.

शनिवार, १ एप्रिल

पाडवा. आईने गुडी उभारली. कडुलिंब खाऊन संकल्प केले: राग बंद, गुटखा बंद. इंग्रजी सुरू. पासपोर्टचं काम सोमवारी. व्हाइस प्रिन्सिपॉलची माफी मागायलाही तयार आहे. खूप थकल्यासारखं वाटतं. माणूस दिवसभर बसून काम करतो तरी इतका थकतो कसा?

आई म्हणाली, मालूच्या घरचे विचारीत होते. मी म्हणालो, थांब थोडं. आई म्हणाली, मी थांबंन, मालू कशाला थांबंल?

बुधवार, ५ एप्रिल

वसुंधरा पास. मी मैदानावर जाऊ शकत नाही, त्यामुळे शेठनीच येऊन सांगितलं. चढावर गाडी थांबवायला लावली, परत काढायला लावली, बोटभरसुद्धा मागे घसरली नाही. साहेब म्हणाले, डॉक्टर, आता कुठेही जा. शेठ एवढे खूश की फियाटच्या बॉनेटवर नारळ फोडला. मला खोबऱ्याचा तुकडा दिला. म्हणाले, घे, तूपन शिकवलंस की सुरुवातीला. टोमणा होता की नाही ते अजून ठरत नाही.

आता कोणी मध्ये नाही. लायसन्स झालं, म्हणजे आता ती मोकळ्या मनाने विचार करेल. आजवर तिला वाटत असेल की लायसन्ससाठी मी लागतो. आता लागत नाही. आता जे वाटेल ते शुद्ध.

शुक्रवार, ७ एप्रिल

मुंबईला जाऊन परमिटही घेऊन आली म्हणे. कागद सगळे पुरे. आठवड्याने विमान. बोलायचं काय ते ठरवून ठेवलं. आधी इंग्लंड, मग लग्न, शेवटी जमलं तर माफी. आरशासमोर म्हणून बघितलं. आई दारातून म्हणाली, कोनाशी भांडतंस?

शनिवार, ८ एप्रिल

संध्याकाळी ऑफिसात बसलो होतो. बाहेर फियाट थांबली. ती एकटी. जायच्या आधी हात बसावा म्हणून शेठनी गाडी दिली होती. आत येऊन पेढे ठेवले, शेठच्या पाया पडली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, गोरख, तुमच्या करंजाड्याच्या फाट्यापर्यंत सोडू का? त्याच बाजूला चाललेय.

शेठ पेपरात तोंड घालून बसले. मी केस नीट केले.

गाडीत बसलो. डावी सीट, तीच. पण पाय कुठे ठेवायचे ते कळेना. सीटखाली ओढून घेतले. ती निघाली. क्लच कधी दाबला, कधी सोडला, कळलंसुद्धा नाही. मी सुरुवात केली, मला तुमच्याशी थोडं. ती म्हणाली, थांबा हं, पुढे वळण आहे. वळण झालं. मी म्हणालो, इंग्लंडबद्दल जरा. ती म्हणाली, सायकलवाला आहे, एक मिनिट. सायकलवाला गेला. मग स्टेशनकडून येणारा ट्रॅफिक. एकदाही हॉर्न वाजवला नाही. मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होतो, ती रस्त्याकडे. चेहऱ्यावर राग नव्हता. माझ्याबद्दल काहीच नव्हतं. पूर्ण लक्ष पुढे. इतके दिवस मी तिच्या शेजारी बसलो, पण गाडी चालवताना ती कशी दिसते ते आज पहिल्यांदा पाहिलं.

फाटा आला. तिने आरशात बघितलं, हात दाखवला, गाडी अलगद कडेला घेतली. चढ होता थोडा. गाडी उभी राहिली ती राहिलीच, बोटभरही मागे नाही.

मी म्हणालो, वसुंधरा. नाव तोंडावर पहिल्यांदाच घेतलं. ती आरशात बघून म्हणाली, गोरख, लवकर उतरा हं, मागे एसटी आहे.

उतरलो. दार लावलं. तिने आतून हाताने खूण केली, लागलं नाही. परत उघडलं आणि जोरात लावलं.